क्रेडिट कार्डाचा साडेतीन टक्के मार्कअप: युरोपला जाताना कार्ड, फॉरेक्स कार्ड की कॅश?

ताई, आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही नाशिकला इंदिरानगरला राहता, मे महिन्यात तुम्ही, मिस्टर आणि सासूबाई असे तिघं ११ दिवस पॅरिस, मग स्वित्झर्लंड आणि शेवटी ॲमस्टरडॅम करून येणार, विमान-हॉटेल बुक झालंय, वरखर्चाला दीड लाखाच्या आसपास लागतील असा अंदाज. आणि क्रेडिट कार्डाच्या कागदात साडेतीन टक्के फॉरेन करन्सी मार्कअप वाचून मिस्टर म्हणतायत कार्ड घरीच ठेवू, सगळी कॅश नेऊ.

मी कॅनडा कॉर्नरला फॉरेन एक्स्चेंजच्या काउंटरवर २२ वर्षं बसतोय. नोटा आणि फॉरेक्स कार्ड, म्हणजे आधीच परदेशी चलन भरून घेतलेलं कार्ड, विकणं हाच माझा धंदा, त्यामुळे तुम्ही सगळी कॅश माझ्याकडून घेतली तर मला आनंदच आहे, आणि तरीही सांगतो की मिस्टरांचं ऐकू नका. पिंपळगाव-निफाडचे द्राक्षवाले फेब्रुवारीत बर्लिनच्या फळांच्या प्रदर्शनाला जातात, सातपूर-अंबडचे कारखानदार हॅनोव्हरला मशीन बघायला जातात, शिवाय अमेरिकेत लेकीच्या बाळंतपणाला निघालेले आईबाबा तर आमचे वर्षभराचे गिऱ्हाईक, आणि हे सगळे परत आल्यावर कार्डाचं स्टेटमेंट घेऊन माझ्याकडे येतात की बघा हो हे काय लावलंय. ती शेकडो स्टेटमेंटं बघून माझं मत असं झालंय की साडेतीन टक्क्याने कुणी फार बुडत नाही. लोक बुडतात ते तो साडेतीन टक्का वाचवायला जाऊन, किंवा मशीनवर चुकीचं बटण दाबून.

मार्कअप म्हणजे नेमकं काय ते आधी बघू. तुम्ही पॅरिसला ४० युरोचं जेवण केलं, कार्ड टॅप केलं. तो व्यवहार दुकानदाराच्या बँकेकडून व्हिसाकडे किंवा मास्टरकार्डकडे जातो, ते त्यांच्या त्या दिवसाच्या रेटने युरोचे रुपये करतात, आणि हा रेट बाजारभावाच्या बराच जवळ असतो, मी काउंटरवर कुणालाही देऊ शकणार नाही इतका जवळ. त्या रुपयांवर मग तुमची बँक आपले साडेतीन टक्के चढवते. त्या साडेतीन टक्क्यावर १८ टक्के जीएसटी. इथे लोकांचा गोंधळ होतो, त्यांना वाटतं १८ टक्के सगळ्या बिलावर लागणार. तसं नाही, फक्त मार्कअपच्या रकमेवर. म्हणजे साडेतीन अधिक त्याचा जीएसटी मिळून ४.१३ टक्के. ४० युरोच्या जेवणाला, हिशोब सोपा जावा म्हणून युरो १०० रुपये धरू, ४,००० रुपये आणि वर १६५. बस.

पूर्ण ट्रिपचा हिशोब केला तर दीड लाखावर मार्कअप ५,२५० आणि जीएसटी ९४५, एकूण ६,१९५ रुपये. कार्ड जरा वरच्या दर्जाचं असेल आणि मार्कअप २ टक्के असेल तर ३,५४०. झिरो मार्कअपवालं असेल तर शून्य. म्हणजे तुमच्या ट्रिपमध्ये या सगळ्या प्रश्नाची किंमत जास्तीत जास्त सहा हजार रुपये आहे, हा आकडा डोक्यात ठेवून पुढचं वाचा.

एक बारीक गोष्ट. रेट लागतो तो कार्ड टॅप केल्याच्या क्षणाचा नाही तर व्यवहार पुढे प्रोसेस होतो त्या दिवसाचा, दोन-तीन दिवस मागेपुढे होतं, त्यामुळे मेसेजमध्ये आलेला आकडा आणि स्टेटमेंटमधला आकडा यात थोडा फरक पडतो, कधी तुमच्या बाजूने कधी विरुद्ध. काही बँका मार्कअप बिलातच मिसळून दाखवतात, काही वेगळी ओळ टाकतात, आणि जीएसटी कुठेतरी खाली वेगळाच येतो, म्हणून लोकांना वाटतं दोनदा कापलं. व्हिसा आणि मास्टरकार्ड दोघांच्या साइटवर कॅल्क्युलेटर आहे, तारीख टाका, रक्कम टाका, बँकेची फी म्हणून साडेतीन टाका, उत्तर जवळपास जुळतं. जीएसटी तेवढा आपला आपण धरायचा.

आता खरा खड्डा. दुकानातलं मशीन तुमचं कार्ड भारतातलं आहे हे ओळखतं आणि स्क्रीनवर विचारतं, युरोत भरणार की रुपयांत? आणि आपल्या माणसाला परदेशात रुपये दिसले की बरं वाटतं हो, किती गेले ते लगेच कळतं म्हणून तो रुपये दाबतो. याला डीसीसी म्हणतात, डायनॅमिक करन्सी कन्व्हर्जन. यात रुपये व्हिसा-मास्टरकार्ड करत नाही, त्या दुकानाच्या मशीनची कंपनी आपल्या मनाच्या रेटने करते आणि त्यातला वाटा दुकानदारालाही मिळतो, म्हणून तर ते इतक्या प्रेमाने विचारतात.

आमचे एक ग्राहक आहेत, सातपूरला त्यांचं शीट मेटलचं युनिट. हॅनोव्हरला प्रदर्शनाला गेले, हॉटेलचं बिल ६२० युरो. रिसेप्शनवरच्या मुलीने हसून मशीन पुढे केलं, रुपयांत भरा सर, सोयीचं पडेल. यांनी भरलं. आपण वरचाच १०० चा रेट धरू. युरोत भरलं असतं तर ६२,००० आणि ४.१३ टक्के, मिळून ६४,५६१. मशीनने लावला १०६ चा रेट, म्हणजे ६५,७२०. आता यांना वाटलं रुपयांत भरलंय म्हणजे मार्कअप तरी वाचला. कुठला वाचतोय! परदेशातल्या दुकानात रुपयांत व्यवहार झाला की बऱ्याच बँका त्यावर वेगळी फी लावतात, त्यांच्या बँकेची होती १ टक्का, अधिक जीएसटी, म्हणजे आणखी ७७५. एकूण ६६,४९५. एका बटणात १,९०० रुपयांच्या वर गेले, आणि ते भाऊ माझ्याशी भांडायला आले होते की तुम्हीच म्हणालात क्रेडिट कार्ड वापरा.

आणि हे नीट लक्षात घ्या, झिरो मार्कअप कार्ड असलं तरी डीसीसीपासून सुटका नाही. उलट तिथे जास्त वाईट वाटतं, कारण शून्याच्या जागी सहा-सात टक्के जातात. कार्ड घ्यायला महिना घालवला, फॉर्म भरले, व्हिडिओ केवायसी केलं, आणि पॅरिसला पहिल्याच दुकानात रुपये दाबले, असे लोक आहेत.

म्हणून मशीन समोर आलं की लोकल करन्सी. फ्रान्समध्ये, हॉलंडमध्ये युरो, स्वित्झर्लंडमध्ये फ्रँक. कधीकधी वेटर विचारत नाही, स्वतःच दाबून मोकळा होतो, तेव्हा कार्ड द्यायच्या आधीच म्हणायचं "युरो प्लीज", आणि पावती हातात आली की रुपयांचा आकडा छापलाय का ते तिथेच बघायचं. असेल तर तिथेच व्यवहार व्हॉइड, म्हणजे रद्द, करून परत मारायला सांगायचं, बाहेर पडल्यावर काही होत नाही. एटीएमवर तर भाषाच अशी लिहितात की माणूस घाबरावा. "डिक्लाइन कन्व्हर्जन" असं बटण असतं, लोकांना वाटतं डिक्लाइन दाबलं तर पैसेच येणार नाहीत. येतात. तेच दाबायचं. कन्व्हर्जन नाकारायचंय, व्यवहार नाही.

घरी बसूनही हाच प्रकार होतो बरं का. इंटरलाकेनच्या ट्रेनची तिकिटं, म्युझियमची बुकिंग वगैरे तुम्ही इथूनच कराल, तर परदेशी साइट मुद्दाम रुपयांत किंमत दाखवते, वरच्या कोपऱ्यात करन्सी बदलता येते ती बदलून दोन्ही आकडे ताडून बघा. साइट रुपयांत दिसली तरी कंपनी परदेशात नोंदलेली असेल तर ती वेगळी १ टक्क्याच्या आसपासची फी लागू शकते. लोक विचारतात मी तर नाशिकमध्ये सोफ्यावर बसून रुपये भरले, फॉरेनची फी कशी? तर तुम्ही कुठे बसलात याला महत्त्व नाही, पैसे कुठे गेले ते बघतात.

दुसरा खड्डा, क्रेडिट कार्डाने एटीएममधून कॅश काढणं. हे करूच नका. समजा १०० युरो काढले, म्हणजे १०,००० रुपये. कॅश ॲडव्हान्स फी साधारण अडीच टक्के पण कमीत कमी ५०० रुपयांच्या आसपास असते, ५०० धरा, त्यावर जीएसटी ९०. मार्कअप ३५० आणि त्याचा जीएसटी ६३. झाले १,००३. शिवाय कॅशला ते ४५-५० दिवसांचं बिनव्याजी वगैरे काही नसतं, पहिल्या दिवसापासून महिना साडेतीन टक्क्याच्या आसपास व्याज सुरू, पंचवीस दिवसांनी बिल भरलं तर आणखी तीनशेच्या घरात. तिथल्या एटीएमवाल्याने स्वतःचे चार-पाच युरो लावले तर ते वेगळेच. दहा हजारांवर तेराशे-चौदाशे म्हणजे तेरा-चौदा टक्के! आणि लोक साडेतीन टक्क्याला घाबरतात.

तिसरी गोष्ट खड्डा नाही, अफवा आहे. क्रेडिट कार्ड परदेशात वापरलं की २० टक्के टॅक्स कापतात असा मेसेज अजून फिरतोय, मागच्या आठवड्यात पंचवटीतले एक आजोबा प्रिंट काढून घेऊन आले होते. झालं होतं असं की १६ मे २०२३ ला सरकारने नोटिफिकेशन काढून परदेशातला क्रेडिट कार्डाचा खर्च एलआरएसमध्ये घातला, म्हणजे परदेशात पैसे पाठवायला माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरची जी मर्यादा असते त्या योजनेत, आणि त्याबरोबर टीसीएस, म्हणजे खर्चाच्या वेळीच आगाऊ कापला जाणारा टॅक्स, तो पण येणार होता. एवढी बोंब झाली की २८ जूनला ते पुढे ढकललं, आणि ते तसंच ढकललेलं आहे. परदेशात प्रत्यक्ष असताना क्रेडिट कार्डाने केलेल्या खर्चावर टीसीएस नाही. फॉरेक्स कार्ड, डेबिट कार्ड आणि नोटा एलआरएसमध्ये मोजतात, पण १ एप्रिल २०२५ पासून वर्षाला १० लाखांपर्यंत टीसीएस नाही, आधी ही मर्यादा ७ लाख होती. तुमच्या दीड लाखाला काहीच लागत नाही. आणि ज्याचा कापला जातो त्याचाही तो बुडत नाही, पॅनवर जमा दिसतो, रिटर्न भरताना वळता करून घेता येतो. टूर पॅकेजवरचा टीसीएस वेगळा, तो टूरवाला कापतो, तुम्ही स्वतः बुकिंग केलंय म्हणून त्यात शिरत नाही.

आता माझ्या धंद्याकडे येऊ, फॉरेक्स कार्ड. आम्ही लोक सांगतो की यात मार्कअप नाही. खरं आहे, पण अर्धं. मार्कअप नसतो कारण आमचे पैसे आम्ही आधीच रेटमध्ये काढलेले असतात. बाजारात बँकाबँकांमधला जो रेट चालतो त्याला आम्ही आयबीआर म्हणतो, तो १०० असेल तर मी तुम्हाला कार्डावर युरो १०१ ला देईन, १०१.५० ला देईन, ओळख नसेल आणि तुम्ही विचारलंच नाही तर अजून वर. म्हणून काउंटरवर गेल्यावर "आजचा रेट काय" असं विचारू नका, "आयबीआरच्या वर किती पैसे" असं विचारा. समोरचा लगेच सरळ बसतो. आपल्याकडे लासलगावला कांद्याचा भाव पुकारून ठरतो, तिथे कुणी लाजतं का, मग इथे काय लाजायचं. दोन ठिकाणी फोन करा, कॉलेज रोडला चार काउंटर आहेत, एकमेकांचे रेट सांगून घासाघीस करा, मी पण देतो कमी करून.

त्यावर जीएसटी आहे पण किरकोळ, १ लाखापर्यंत रकमेच्या १ टक्का ही सेवेची किंमत धरून त्यावर १८ टक्के, म्हणजे लाखाला १८० रुपये, कमीत कमी ४५. कार्ड काढायची फी, रिलोडची फी, ती बहुतेक वेळा मागितली तर माफ होते. तर धरा सगळं मिळून पावणेदोन टक्के. ४.१३ पेक्षा चांगलंच आहे की! पण दोन अटी आहेत, एक म्हणजे भरलेले सगळे पैसे संपले पाहिजेत, दुसरी म्हणजे ज्या करन्सीत भरले त्याच करन्सीत खर्च झाले पाहिजेत.

पहिली अट मोडली तर काय होतं बघा. तुम्ही १,५०० युरो १०१.५० ने भरले, ४०० उरले, परत आल्यावर मी ते विकत घेणार ९८ ला, कारण बाइंग रेट कायम खालचा. प्रत्येक युरोमागे साडेतीन रुपये, ४०० युरोंवर १,४०० रुपये गेले. सासूबाईंना थकवा आला आणि दोन दिवस हॉटेलातच बसलात तर उरतातच.

दुसरी अट तुमच्या बाबतीत फार महत्त्वाची, कारण तुम्ही स्वित्झर्लंडला चाललाय. तिथे युरो नाही, स्विस फ्रँक चालतो, आणि आपल्याकडची निम्मी माणसं "युरोप आहे ना, युरोच द्या" म्हणून नुसते युरो भरून घेऊन जातात. मग युरोच्या फॉरेक्स कार्डाने झुरिकला कॉफी घेतली की क्रॉस करन्सी चार्ज लागतो, तो पण बहुतेक कार्डांवर साडेतीन टक्क्याच्या आसपास! म्हणजे आधी युरो घेताना रेटमध्ये दीड टक्का दिला तो दिला आणि वर साडेतीन. साधं क्रेडिट कार्ड त्यापेक्षा स्वस्त पडलं असतं. त्यामुळे फॉरेक्स कार्ड घ्यायचंच तर मल्टिकरन्सी, आणि त्यात फ्रँक वेगळे भरून घ्या, कार्डात फ्रँकचं वॉलेट आहे का हे आधी विचारा, सगळ्यांत नसतं. स्विस दुकानांत युरोच्या नोटा घेतात बऱ्याच ठिकाणी, पण सुटे फ्रँकमध्ये मिळतात आणि रेट दुकानदाराच्या मर्जीचा.

मिस्टरांच्या कॅशबद्दल. नियमात बसतं, माणशी एका प्रवासाला ३,००० डॉलरपर्यंतच्या नोटा नेता येतात, फक्त माझ्याकडून घेताना ५०,००० रुपयांवरची रक्कम रोख देता येत नाही, ती बँकेतून ट्रान्सफर करायची. पण नोटांवर आमचं मार्जिन कार्डापेक्षा जास्त असतं, मला नोटा मागवायच्या, सांभाळायच्या, विमा काढायचा असतो ना. नोटांच्या बाबतीत आपण नाशिककर तसे हळवे, रुपये नाशिकरोडच्या प्रेसमध्ये छापतात, पासपोर्टही तिथलाच, पण युरोच्या नोटा पॅरिसच्या मेट्रोत चोरीला गेल्या की त्या परत मिळवून देणारं कुणी नाही. आणि हॉलंडमध्ये तर आता कितीतरी दुकानांत, बसमध्ये कॅश घेतच नाहीत, ५० ची नोट घेऊन उभे राहाल.

सगळ्यात महाग कॅश कुठली सांगू? मुंबई एअरपोर्टची. कसारा घाट उतरून रात्री अकराला टी-टूला पोचायचं, आणि मग आठवतं की युरो घ्यायचे राहिले. तिथल्या काउंटरला माहितीये की तुम्हाला आता दुसरा पर्याय नाही. नाशिकमध्ये दोन दिवस आधी घ्या, पासपोर्ट, व्हिसा, तिकीट, पॅन घेऊन या, वीस मिनिटांचं काम आहे.

झिरो मार्कअप कार्ड घ्यावं का? अशी कार्डं आहेत, स्कॅपियाचं फेडरल बँकेबरोबरचं, आरबीएलचं वर्ल्ड सफारी, अजूनही आहेत. पण कार्डवाले अटी बदलत राहतात, म्हणून अर्ज करायच्या दिवशी बँकेच्या साइटवर एमआयटीसी नावाचा मुख्य अटींचा कागद असतो त्यात फॉरेन करन्सी मार्कअपची ओळ स्वतः वाचा, कार्ड विकणाऱ्या पोरावर जाऊ नका. वार्षिक फी नसेल तर घ्याच, तुमच्याकडे दोन महिने आहेत, वेळेत येईल. फी असेल तर गणित करा. समजा ३,००० फी, जीएसटी धरून ३,५४०, तर ती वसूल व्हायला ८५-८६ हजार रुपये परदेशात खर्च व्हायला हवेत. तुमचे दीड लाख आहेत म्हणजे या वर्षी वसूल होईल, पण पुढच्या वर्षी कुठे जाणार नसाल तर आल्यावर बंद करायची आठवण ठेवा, नाहीतर वाचवलेले पैसे पुढच्या फीत जातात. २ टक्के मार्कअपचं कार्ड ज्यांच्याकडे आहे त्यांनी रिवॉर्ड पॉइंटचाही हिशोब करावा, पॉइंट खरोखर वापरत असाल आणि ते खर्चाच्या अडीच-तीन टक्के किमतीचे पडत असतील तर २.३६ टक्के देऊनही तुम्ही फायद्यात. पॉइंट साठवून एक्स्पायर करणाऱ्यांनी या फंदात पडू नये. माझी बायको त्यातली.

डेबिट कार्डाचं एकच सांगतो, मार्कअप तिथेही असतो आणि गडबड झाली तर पैसे थेट खात्यातून जातात, तेव्हा ते फक्त अडीअडचणीला. यूपीआय आयफेल टॉवरच्या तिकिटाला २०२४ पासून चालतं, पण त्याच्या भरवशावर पॅरिसला जाऊ नका.

तुमच्या जागी मी असतो तर असं केलं असतं. मोठा खर्च सगळा क्रेडिट कार्डावर, झिरो मार्कअप आलं तर त्याच्यावर, नाही आलं तर आहे त्या साडेतीन टक्केवाल्यावर, आणि त्या सहा हजारांना ट्रिपच्या खर्चात धरून विसरून गेलो असतो. सोबत एक मल्टिकरन्सी फॉरेक्स कार्ड, २०० युरो आणि २०० फ्रँक, एवढंच, म्हणजे उरलं तरी फार नाही. नोटा २०० युरो आणि १०० फ्रँक, लहान नोटांत, २० च्या वर नको, स्टेशनवरचं टॉयलेट, बाजारातली फळं, टिप असल्या गोष्टींना. आणि क्रेडिट कार्ड दोन असावीत, वेगवेगळ्या बँकांची, जमलं तर एक व्हिसा एक मास्टरकार्ड, एक तुमच्या पर्समध्ये एक मिस्टरांच्या खिशात, दोन्ही एकाच पाकिटात ठेवून पाकीट हरवलेले महाभाग मी बघितलेत.

ॲमस्टरडॅमला अजून एक गंमत आहे. तिथे ट्राम-बस-ट्रेनला तिकीट न काढता कार्डच टॅप करून चढता येतं आणि उतरताना परत टॅप करायचं, पण माणशी वेगळं कार्ड लागतं, एका कार्डावर तिघं चढता येत नाही. म्हणून ते फॉरेक्स कार्ड सासूबाईंच्या हातात द्या, दोन क्रेडिट कार्डं तुम्हा दोघांची, तिघांचं काम झालं. चढताना जे कार्ड तेच उतरताना, विसरलात तर दंडासारखी जास्त रक्कम कापतात.

हॉटेलात चेक-इनला डिपॉझिट ब्लॉक करतात, त्याला फॉरेक्स कार्ड देऊ नका. क्रेडिट कार्डावर नुसतं लिमिट अडकतं, फॉरेक्स कार्डावर तुमचे खरे पैसे अडकतात आणि सुटायला कधीकधी तीन-चार आठवडे लागतात, तोवर तुम्ही नाशिकला परत येऊन मिसळ खात असता. भाड्याने गाडी घ्यायचा विचार असेल तर गाडी चालवणाऱ्याच्या नावाचं क्रेडिट कार्डच मागतात, फॉरेक्स कार्डाला बहुतेक ठिकाणी नकार. एखाद्या खरेदीचा रिफंड झाला तर तो त्या दिवसाच्या रेटने येतो आणि आधी कापलेला मार्कअप सहसा परत मिळत नाही, म्हणून "घेऊन तर ठेवू, नाही आवडलं तर परत करू" असं तिथे करू नका.

निघायच्या आधी ॲपमध्ये जाऊन इंटरनॅशनल व्यवहार चालू करा. ऑक्टोबर २०२० पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने नवीन कार्डं फक्त भारतापुरती चालू येतात, बाकी आपण चालू करायचं, आणि दुकानातला स्वाइप, ऑनलाइन, टॅप, एटीएम अशी चार वेगवेगळी बटणं असतात, एटीएमचं बंदच ठेवा म्हणजे मोहच नको. लिमिट पण तिथेच लावता येतं, जेवढं लागेल तेवढंच लावा. पिन पाठ करा, तिकडे साधारण ५० युरोपर्यंत आणि स्वित्झर्लंडमध्ये ८० फ्रँकपर्यंत टॅपने होतं, त्यावर पिन विचारतात, आणि रेल्वेच्या मशीनपुढे रांग लागलेली असताना पिन आठवत बसणं काही खरं नाही. सिम रोमिंगवर चालू ठेवा, ओटीपी आणि मेसेज त्याच्यावर येतात. परदेशी साइटवर मात्र ओटीपीशिवायही पैसे कापले जाऊ शकतात, म्हणून अनोळखी व्यवहाराचा मेसेज दिसला की त्याच मिनिटाला ॲपमधून कार्ड बंद करा आणि बँकेला कळवा, तुमची चूक नसताना बाहेरच्या कुणी केलेल्या फ्रॉडची तक्रार तीन कामकाजाच्या दिवसांत केली तर तुमच्यावर भार येत नाही, रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा नियम आहे. "नाशिकला गेल्यावर बघू" म्हणत दहा दिवस काढलेल्यांची भांडणं वर्ष-वर्ष चालतात.

परत आलात की इंटरनॅशनल लगेच बंद करू नका, ट्रामचे पैसे वगैरे दोन-चार दिवस उशिराने येतात, ते येऊन गेले की बंद करा. उरलेल्या नोटा २,००० डॉलरच्या किमतीपर्यंत घरात ठेवल्या तरी चालतं, त्याहून जास्त असतील तर १८० दिवसांत परत करायच्या. पुढच्या वर्षी परत जाणार असाल तर ठेवूनच द्या, मला ९८ ला विकून परत १०२ ला घेण्यात काय अर्थ आहे. नाणी मात्र तिथेच संपवून या, शेवटच्या दिवशी एअरपोर्टवर चॉकलेट घ्या त्याची. नाणी आम्ही विकत घेत नाही. लोक तरी आणतात, आणि नाही म्हटलं की "ठेवा तुमच्याकडे" म्हणून काउंटरवर सोडून जातात. श्रीखंडाचा एक किलोचा डबा भरलाय माझा, त्यात निम्मे सेंट, थोडे फ्रँक, बाट, आणि कुठल्या देशाचं आहे ते मलाही न ओळखू येणारं एक भोकाचं नाणं.